चौकटीखालची जागा

“काका, या चौकटीखाली काही येणार नाही ना?” डीटीपीवालीनं पडद्यावरची नजर न काढता विचारलं, आणि तो म्हणाला, “नाही, काही नाही.” म्हणून झाल्यावर चौकट कोणाची ते त्यानं पाहिलं. त्याचीच होती. वंशवृक्षाच्या शेवटच्या पानावर, उजव्या कोपऱ्यात: त्याचं नाव, जन्मसाल, पुढे आडवी रेघ, आणि रेघेपुढे मोकळी जागा. ती जागा त्याच्या मरणासाठी राखलेली. तिच्याबद्दल कोणी विचारत नाही, ती सोडायचीच असते. “बरं झालं,” बाई म्हणाली, “मग खुणांचा तक्ता इथंच घेते. एक पान वाचेल.” तिनं माऊस हलवला, कुठूनसा एक छोटा तक्ता उचलला आणि त्याच्या नावाखाली अलगद आणून सोडला. ज. म्हणजे जन्म. मृ. म्हणजे मृत्यू. पोकळ गोल म्हणजे निर्वंश. चांगला बसला तक्ता. जणू त्याच मापाची जागा घराण्यानं मागे ठेवली होती.

त्याला मुलगी होती. होती म्हणजे आहे. दुसऱ्या शहरात, एका प्रयोगशाळेत नोकरीला, आणि तिलाही एक मुलगी आहे. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण विचारणाऱ्या बाईला त्यानं जे उत्तर दिलं ते इतकं चटकन, इतकं तयार आलं, की आपण ते कधीचं तोंडात धरून बसलो होतो असं त्याला वाटलं. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या तपासल्या होत्या. कारकून कुठल्या प्रश्नाला फार लवकर उत्तर देतो तिथंच पेन्सिलीची खूण करायची, हे तो नव्या पोरांना शिकवायचा. आता खूण कुठं करायची? “आज पक्कं करू नका,” तो म्हणाला, “मी येतो परत.” बाईनं पहिल्यांदा मान वळवली. “काका, मी सहाला बंद करते. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. आणि मोठ्या काकांचे सकाळपासून दोन फोन झाले, उद्या छापायला गेलंच पाहिजे म्हणून. काही चुकलंय का?” “चुकलं नाही,” तो म्हणाला, “बघायचंय एक.” “बघा बाई,” ती म्हणाली, “तुमचं बरं आहे, तुम्हाला बघायला इतके पूर्वज तरी आहेत. आमच्या सासूबाईंना त्यांच्या आजीचं नाव विचारलं तर म्हणाल्या, आजीला कुठं नाव असतं, आजीच म्हणायचे सगळे.” ती हसली, आणि शेजारच्या खुर्चीवरचा शिकवणीच्या हँडबिलांचा गठ्ठा उचलून कापायला घेतला.

बाहेर ऊन होतं. दादाचं घर चालत जाण्याइतकं जवळ होतं आणि चालण्याची त्याला गरज होती. हे पुस्तक म्हणजे दादाची कल्पना. दादा मोठा, दादाला कल्पना सुचतात. तो धाकटा, त्याच्या वाट्याला पूर्तता येते. साठी उलटली तरी घरात तो बारक्याच. निवृत्तीनंतर दादा म्हणाला होता, “बारक्या, तू नाहीतरी रिकामाच आहेस. आपण मूळचे कोण, कुठले, हे पोरांना कळायला नको? तू शोध, मी छापतो.” आणि नियमही दादानंच घालून दिले. मुलगे तेवढे घ्यायचे. मुली म्हणजे दुसऱ्याच्या झाडाची पालवी. सुना? त्यानं विचारलं होतं. दादा थोडा वेळ गंभीर झाला होता. “मागच्या काहींची नावं सापडतात, काहींची सापडत नाहीत. मग काहींना घातलं नि काहींना गाळलं तर तो अन्याय होईल. सगळ्याच गाळ. समान न्याय.” या न्यायात काहीतरी खोट आहे हे त्याला तेव्हाच कळलं होतं, पण खोट इतकी सुबक होती की तपासनीस म्हणून त्याला तिचं कौतुकच वाटलं. गोलाची खूण मात्र त्याची स्वतःची. ज्याला मुलगा नाही त्याच्या नावाखाली एक गोल. पहिल्यांदा काढला तेव्हा हाताला एक बारीकसं सुख झालं होतं, वर्षअखेरीला हिशेब जुळून खातं बंद करताना व्हायचं तसलं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मेलेला कुणी एक नांगरगडी, त्याच्या पोरी विहिरीवर पाणी भरत असतील, नांदत असतील, म्हातारपणी बापाच्या आठवणीनं रडल्या असतील. इकडे ह्यानं गोल काढला की बाप बंद.

दप्तरखान्यात तो एकटा जात नसे. बायको यायची. सुरुवातीला डबा द्यायला म्हणून, मग बसायला म्हणून, मग वाचायला म्हणून. त्याला जुनं लफ्फेदार अक्षर लागत नसे. शेतसाऱ्याची पुस्तकं, मोजणीचे कागद, जन्ममृत्यूच्या वह्या, सगळं जणू मुंग्यांनी लिहिलेलं. ती मात्र बोट न टेकवता वाचत जाई. “तुमचं अक्षर वाचण्यात जन्म गेला,” ती म्हणायची, “हे तर मोत्यासारखं आहे.” तिला वंश-बिंश यात काडीचा रस नव्हता. तिला रस भांडणांत. आणि भांडणंच तर मिळायची. कोणाचा बैल कोणाच्या ज्वारीत शिरला, कोणी रात्रीतून बांध हातभर सरकवला, कोणी सख्ख्या भावाचं विहिरीवरचं पाणी तोडलं. जे भाऊ गुण्यागोविंदानं नांदले त्यांचा कागदोपत्री मागमूस नाही. जन्मले, नांगरलं, मेले, संपलं. जे भांडले तेच उरले. “म्हणजे आपलं काही खरं नाही,” बायको म्हणाली होती, “तुम्ही दादांशी कधी वरच्या आवाजात बोलला नाहीत. पुढच्यांना तुम्ही सापडायचे कसे?” तो हसला होता. चिडायला हवं होतं असं आता, या उन्हात, त्याला वाटलं, आणि ते वाटणंही किती उशिरा, किती आरामात आलं याचाच राग आला. तिनं त्याची चौकट पहिल्यांदा पाहिली तेव्हाचं बोलणंही तसंच. घरी जेवणाच्या टेबलावर त्यानं मोठा कागद पसरला होता. “हे गोल कसले हो? अंडी?” “निर्वंश.” “मग माझ्याखाली अंडं येणार की नाही?” “तू झाडातच नाहीस.” “सुटले,” ती म्हणाली आणि टेबल पुसायचं म्हणून तिनं कागदाचं टोक उचललं.

ती खूश झाली होती ती उतारावरच्या बाईवर. त्यांच्या शोधाच्या सगळ्या वर्षांत त्या दोघांनी मिळून जर कोणी माणूस खरोखर पाहिला असेल तर तो ही बाई. घराण्याचा तिसरा पुरुष, उताराच्या शेताचा मालक. त्याच्या मागं साऱ्याच्या पुस्तकात दुसरा एक माणूस लागला, आणि नात्याच्या रकान्यात कारकुनानं लिहिलं, पुत्र. ठीक. पुढचं सगळं घराणं त्या माणसापासूनचं, दादा त्यातलाच, हाही त्यातलाच. पण मग बांधाच्या एका दाव्यात शेजाऱ्याची जबानी निघाली. हा कसला पुत्र, शेजारी म्हणतो, हा तर जावई, सासऱ्याच्या घरात राहिलेला, याला बांध काय कळतो. आणि त्याच्या पाठोपाठ त्या बाईची जबानी. बायकोनं ती वाचली आणि दप्तरखान्यात मोठ्यांदा हसली, इतकी की शिपायानं टेबलावर पट्टी आपटली. शेत माझ्या बापाचं, बाई सांगते. बापाला मी एकटी. हा माझा नवरा. मी आहे म्हणून हा इथं आहे, नाहीतर हा कोणाच्या बांधावर बसला असता ते यालाच विचारा. कारकून वरून आला, त्यानं घरात तरणा पुरुष पाहिला आणि पुत्र लिहिलं. त्या काळच्या कारकुनांची ती रीतच होती. रकाना भरायचा असतो. विचारत बसलं तर दुसरं गाव राहतं. घरी येताना बायको बसमध्ये पुन्हापुन्हा म्हणत होती, “अहो, म्हणजे तुमच्या नियमानं तिसऱ्या पुरुषाखालीच गोल. पुढचे सगळे तुम्ही कुठले?” दादाला त्यानं सांगितलं तेव्हा दादानं चष्मा पुसला आणि म्हणाला, “सारा वसूल करणाऱ्यानं पुत्र लिहिलंय ना? तो सरकारी कागद. जबान्या काय, लोक वाटेल ते बोलतात. पुत्र लिही.” आणि झाडात पुत्र लागला.

ही गंमत तेव्हा गंमत होती. नंतर बायको आजारी पडली, आणि तो तिच्या उशाशी छायाप्रती घेऊन बसायचा. तिला बरं वाटेल म्हणून, असं तो स्वतःला सांगे. तीही कधी वाचून दाखवी, कधी नुसती कागदावर हात ठेवी. मुलगी रजा काढून आली होती. दारात उभी राहून तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, आईला पाणी हवंय का ते विचारलंत का?” विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून मुलगी त्याच्याशी बोलते ती बँकेतल्या माणसासारखी: नीट, मदत करणारी, आणि काचेपलीकडून.

दादाच्या घराचं दार वहिनींनी उघडलं. दादा खुर्चीत, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. “झालं पक्कं?” त्यानं दारातच विचारलं. “नाही,” तो म्हणाला, आणि उभ्याउभ्याच पुढचं वाक्य काढलं, कारण बसलं की आपण ते काढणार नाही हे त्याला ठाऊक होतं. “दादा, माझ्या पोरीला घालायचं म्हणतोय. तिला आणि नातीला.” दादानं पिशवी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर नेली. “आज? आज आठवली? बारक्या, एकीला घातलं की आत्या आल्या, त्यांच्या पोरी आल्या, पोरींच्या सासवा रुसल्या. वंशवृक्ष करायचाय की टेलिफोन डिरेक्टरी?” “घाला की हो पोरीला,” वहिनी आतून म्हणाल्या, “एका चौकटीनं काय कागद फाटतोय? माझं नाही घातलंत तर मी कुठं जेवायची थांबले?” “तू गप,” दादा म्हणाला, पण मायेनं, बायकोला गप करण्यात त्याचा हात फार हलका होता. मग तो याच्याकडे वळला. “नियम तुझ्यासमोर ठरला. तेव्हा बोलला नाहीस.” “उतारावरची बाई,” तो म्हणाला. आपला आवाज चढला आहे हे त्याला स्वतःच्या कानांत ऐकू आलं, आणि तो आवाज कुणातरी तिसऱ्याचा वाटला. “नियम असेल तर मग तिच्या बापाखाली गोल काढ. तिथं संपलो आपण. मी नाही, तू नाहीस, तुझे मुलगे नाहीत. पुस्तक दोन पानांत आटपतं.”

दादा चिडला नाही, हे वाईट झालं. तो चिडला असता तर काहीतरी झालं असतं. त्यानं समजूतदारपणे मान हलवली, लहान भावाचं गणित चुकल्यावर हलवायचा तशी. “ते वेगळं रे. तिथं शेत होतं. शेत असलं की जावईसुद्धा मुलगा होतो, जगाची रीत आहे. तुझ्याकडे काय आहे? दोन खोल्या, आणि त्यासुद्धा सोसायटीच्या नावावर. कशाला कोणी त्यासाठी झाड वाकवेल?” हे बोलताना त्याच्या चेहऱ्यावर दुष्टपणाचा लवलेश नव्हता. तो खरं तेच सांगत होता. इतक्या वर्षांच्या कागदांतून, सारा, मोजणी, दावे, बांध यांतून जे याला एका वाक्यात मांडता आलं नव्हतं ते दादानं पिशवी सावरता सावरता मांडलं होतं. रक्त-बिक्त काही नाही. झाड जमिनीच्या कडेकडेनं वाढतं. वहिनींनी चहा आणला. त्यानं घेतला. चांगला होता. “पोरीला विचारलंस तरी का?” दादानं विचारलं. “तिला हवंय का? पाच वर्षांत ती या घराची पायरी चढली नाही. उगाच हात दाखवून अवलक्षण.” विचारलं नव्हतं. पाण्यासारखंच.

जिन्यात त्यानं फोन लावला. पलीकडे कसलंसं यंत्र घरघरत होतं. “बाबा? बरे आहात ना?” “बरा आहे. नातीची जन्मतारीख हवी होती. सगळं पूर्ण नाव, नीट.” “कशाला? बँकेत काही करताय?” “नाही. पुस्तकात घालायचंय. तुला आणि तिला.” यंत्र बंद झालं, तिनं बंद केलं असावं. “काकांनी हो म्हटलं?” खोटं बोलावं असं त्याला क्षणभर वाटलं. “नाही म्हटलं. पण माझी चौकट आहे. माझ्या चौकटीखाली मी काय घालीन ते माझं.” ती थोडी हसली. आईचं हसणं, तो भिंतीला टेकला. “बाबा, एवढं भांडलात तुम्ही काकांशी? आमच्यासाठी?” “भांडलो म्हणजे, बोललो.” “वा. आई असती तर पेढ्यांचा बॉक्स वाटला असता.” पुढचं बोलली तेव्हा काच पुन्हा मध्ये आली होती. “पण नको. आमची नावं घालू नका.” “का? राग आहे अजून?” “रागाचं नाही हो. पोरगी आता वाचायला लागली आहे. पुस्तक हातात घेईल, तुमच्या नावावरून बोट खाली आणेल, माझं नाव सापडेल, तिचं सापडेल. मग विचारेल, आजी कुठं आहे? तुमच्याखाली थेट मीच. मी काय सांगू तिला, मी बाबांना फुटले म्हणून? झाडाला फांदी फुटते तशी?” तो म्हणाला, “आईचंही घालतो.” हे म्हणताना त्याला स्वतःलाच ऐकू आलं की हे त्याला आत्ता सुचलं आहे. तिलाही ऐकू आलं. “असू दे, बाबा,” ती म्हणाली. “तुम्ही काढलंत ना इतकं सगळं, आता छापा ते जसं आहे तसं. मला वरिष्ठ हाक मारतायत.” कोणी हाक मारलेली त्याला ऐकू आली नव्हती.

जिन्याच्या खिडकीतून खालचं अंगण दिसत होतं. एक माणूस स्कूटर पुसत होता, सीट उचलून आतलंही पुसत होता. याच्या मनात एक विचार आला आणि तो विचार त्याला इतका आवडला की त्यानं तो ताबडतोब तपासून पाहिला. हा त्याग आहे का? नव्हता. मुलीसाठी आहे का? तिला कळणारसुद्धा नाही. दादाला धडा? दादा पुस्तक उघडून म्हणेल, छापणाऱ्यांनी घोळ घातला, आणि वहिनी म्हणतील, सांगा हो भाऊजींना, आणि तेवढ्यावर संपेल. मग हा नुसता कडवटपणा झाला. असू दे. आयुष्यात एवढा एकच खर्च त्याच्या स्वतःच्या नावावर पडणार होता.

डीटीपीवाली पर्स आवरत होती. “आलात? बरं झालं, मी निघतच होते. झालं बघून?” “झालं. माझी चौकट काढा.” “काढू म्हणजे? हलवू?” “काढा. रेघ पण काढा, वरून येणारी.” तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. “काका, भांडण झालं का घरात?” “नाही हो. कुणी भांडलंच नाही.” “मग मोठे काका रागावतील. माझं नाव सांगाल.” “मी सही करतो खाली. माझ्या सांगण्यावरून म्हणून लिहा.” ती बसली. तिनं चौकटीवर टिचकी मारली, चौकट निळी झाली, आणि मग नाहीशी झाली. आवाज वगैरे काही झाला नाही. वडिलांच्या चौकटीतून निघालेली दुफाट्याची रेघ एका बाजूनं तुटकी लोंबत राहिली. “हे असं बरं दिसत नाही,” ती म्हणाली, आणि तिनं दादाची चौकट, दादाच्या मुलांच्या चौकटी, नातवांच्या चौकटी, सगळं एकदम उचललं आणि डावीकडून मधोमध आणून ठेवलं. बापाखाली सरळ दादा. दादाखाली सरळ पुढचे. पान एकदम भारदस्त दिसू लागलं. इतके महिने ते एका अंगाला कललेलं होतं हे आता कळत होतं. “अगं बाई,” तिला मनापासून आनंद झाला, “किती छान बसलं बघा. आधीच सांगायचंत ना.”

त्यानं सही केली. त्याला माहीत होतं पुढं काय होईल. कागद उरतो, माणूस उरत नाही. कधीतरी कुणीतरी, असाच एखादा नोकरीतून सुटलेला, हातात वेळ असलेला माणूस हे पुस्तक पुरावा म्हणून उघडेल. छापील आहे म्हटल्यावर शंका घेणार नाही. बापाच्या चौकटीवर बोट ठेवील, रकाना भरायचा म्हणून भरील, आणि लिहील: यास पुत्र एक.